मोतीलाल भगताचे पाय

गेल्या वर्षीच्या आखाजीला मोतीलाल भगताचे पाय सगळ्या कळसाडीने पाहिले. पाहायला नको होते, पण पाहिले.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावात खंडेरावाच्या नावाने बारागाड्या ओढतात. बारा बैलगाड्या साखळीने एकीमागे एक बांधायच्या, बैल सोडून द्यायचे, गाड्यांत माणसं मावेनात इतकी भरायची. मग हळदीने माखलेल्या भगताच्या कमरेला दोर बांधायचा आणि त्याने एकट्याने ती माळ मारुतीच्या पारापासून खंडेरावाच्या देवळापर्यंत न्यायची. भगताच्या दोन्ही बाजूंना दोन धिप्पाड गडी असतात, त्यांना बगले म्हणतात. भगताचे हात त्यांच्या खांद्यांवर, म्हणजे देव अंगात आल्यावर तो पडू नये. मागून शंभरेक पोरं गाड्यांना हात लावतात. ढकलतात असं म्हणायचं नाही, हात लावतात म्हणायचं. हा फरक ज्याला कळला तो कळसाडीचा.

मोतीलालने हे काम एकवीस वर्षं केलं. वय एकोणसाठ, मिशा अजून चाळिशीच्या. त्याचा पुतण्या भाग्येश साखर कारखान्यात नोकरीला. त्याने नवा मोबाईल घेतला होता आणि त्या मोबाईलवर धावतं माणूस तरंगल्यासारखं सावकाश दिसायचं. त्याने बारागाड्यांचा तसला व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोतीलाल ओट्यावर बसून तो सातव्यांदा बघत होता. काय तो चेहरा, काय ते डोळे, काय तो भंडारा उधळलेला!

शेजारच्या नानीबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्यामुळे गल्लीत कुणाचं काहीच झाकून राहत नव्हतं. ती त्याच्या खांद्यावरून वाकली.

"बाकी बठं झकास शे रे मोतीलाल. पन तुन्हा पाय कोठे शेत?"

"म्हंजे?"

"जमीनवर नहीत ना. वर शेत. कोंबडाले बजारमा धरीसन नेतस, तसा लोंबी ऱ्हायनात."

मोतीलालने मोबाईल जवळ धरला, लांब धरला, आडवा केला. वर देव संचारलेला, खाली दोन पाय जमिनीपासून वीतभर उंच, निवांत हलत होते. झोक्यावर बसलेल्या पोरीचे असतात तसे.

आता हा मोतीलाल कोण, ते सांगायला हवं. तरुणपणी तो कापसाचे ट्रक घेऊन नवापूरवरून सुरतेला जायचा. भगतपणाचा दोर कमरेला बांधून तीन वर्षं झाली आणि तो आजारी पडला. तपासलं तर एचआयव्ही. कमलबाईला, त्याच्या बायकोला, तपासलं तर तिलाही. तो आजार कुठून आला यावर गल्लीने वर्षभर चर्चा केली, निकाल लागला नाही, मग गल्लीने विषय बदलला. मोतीलाल अडतीस किलोचा झाला होता. भाऊबंदांपैकी एकाने भीत भीत म्हटलं, दोर दुसऱ्याच्या कमरेला बांधू. पंच म्हणाले, भगत देवाने नेमलेला, बदली करायला ती काय तलाठ्याची जागा आहे? त्या आखाजीला अडतीस किलोच्या माणसाने बारा गाड्या ओढल्या. कशा ओढल्या हे कुणी विचारलं नाही.

नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. तेव्हापासून रोज नऊच्या ठोक्याला नवराबायको समोरासमोर बसून गोळी घेतात. आखाजीआधी भगताला नऊ दिवसांचा उपास असतो, त्यातही एक गोळी चुकली नाही. "उपास देवना शे, गोळीना नही," असं मोतीलाल ठासून सांगायचा. विषाणू तर रक्तात मोजण्याइतकाही सापडेना. दोघांचे रिपोर्ट आले की कुणाचा चांगला यावर घरात पैज लागायची, आणि ती बहुतेकदा कमलबाई जिंकायची.

तर असा हा माणूस मोबाईल खिशात घालून तडक नथ्थूकडे गेला. नथ्थू म्हणजे त्याचा डावा बगला, दारात उभा राहिला तर घरात अंधार पडतो असा. तो शेतात ठिबकच्या नळ्या गोळा करत होता.

"नथ्थू, खंडेरावनी आन शे तुले. कितला वरीसपाईन उचली ऱ्हायनात तुम्ही माले?"

नथ्थूने आधी नळीकडे पाहिलं, मग आभाळाकडे.

"तीन."

"तीन वरीस! आनि माले सांगं नही?"

"तुले काय सांगतूत? तुन्हा आंगमा देव व्हता. देवले कोन सांगी, का तुन्हा गुडघा वाकी ऱ्हायनात?"

"वजन नही लागनं?"

"भाऊ, तुन्हापेक्षा खतनी गोणी जड ऱ्हास."

हे शेवटचं नथ्थूने दिलासा म्हणून सांगितलं होतं. मोतीलालला ते चाबकासारखं लागलं. खरं तर त्याला माहीत होतं. घरून शेतात जाताना तो हल्ली तीनदा थांबायचा आणि दर वेळी तिथलं पीक न्याहाळायचा, म्हणजे थांबण्याला कारण राहील. पाण्याची बादली हातातून निसटायची. पँट जुनी, पण पट्ट्याला नवी भोकं पडली होती. तो नथ्थूला म्हणाला, "आयक. येती आखाजीले मन्हा पाय जमीनले टेकतीन. मी न सांगता तुम्हनी माले उचलं, तर त्याच दिवशी दोर सोडसू आनि भाग्येशना कमरले बांधसू."

"आनि पडना तर? मांगे बारा गाड्या शेत."

"पडाले मी काय खतनी गोणी शे का?"

पुढच्या तपासणीला नवराबायको नंदुरबारला गेले. तिथली समुपदेशक रूपाली नऊ वर्षांपासून दोघांना ओळखते, त्यांना आबा आणि मावशी म्हणते. मोतीलालने सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. मग कमलबाईने खरं सांगितलं. थांबणं, बादली, पट्टा, सगळं, आणि वरून व्हिडिओ दाखवला.

रूपालीने व्हिडिओ दोनदा पाहिला आणि हसू दाबत एक यंत्र त्याच्या हातात दिलं. "आबा, ही मूठ जोर लावून दाबा."

मोतीलालने हलकेच दाबलं. काटा चौदा किलोवर.

"जोर लावा ना."

"सरकारी वस्तू आहे ताई. मोडली तर?"

"नाही मोडत. दाबा."

मग त्याने दात खाऊन, मिशा थरथरेपर्यंत दाबलं. एकवीस. रूपाली म्हणाली, तुमच्या अंगकाठीच्या माणसाचा काटा तीसच्या आसपास हवा. यंत्र न मोडल्याचं मोतीलालला फार वाईट वाटलं. मग चालून दाखवायचं होतं. तो पालखीपुढे चालल्यासारखा डौलात चालला.

"आबा, मिरवणूक नको. रोजच्यासारखं चाला."

"हे रोजचंच आहे."

"खरं शे," कमलबाई म्हणाली. "मी बजारमा जाईसन परत येस, तरी हाऊ पारजवळच ऱ्हास."

हात न टेकता खुर्चीतून उठायचं होतं. तिसऱ्या वेळेला त्याचा हात टेबलावर गेला. रूपालीने कागदावर खुणा केल्या आणि एका हार्मोनच्या रक्ततपासणीसाठी पाठवलं. तर तिथले म्हणाले, या हार्मोनचं रक्त दुपारी घ्यायचं नाही, सकाळी घ्यायचं, आणि एकदा नाही, दोनदा. मोतीलाल दोन वेगवेगळ्या दिवशी पहिल्या एसटीने आला आणि प्रत्येक वेळी कंडक्टरला सांगितलं की विशेष तपासणीला चाललोय.

टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषांच्या शरीरातलं ते हार्मोन, एकूण भरलं ठीकठाक. मोतीलालने मिशीला पीळ दिला. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "थांबा भगत, घाई नको. कापूस वेचायला तुमच्या यादीत शंभर मजूर आहेत. पण त्यातले नव्व्याण्णव दुसऱ्याच्या शेतात अडकलेत. मग तुमचा कापूस कोण वेचणार?"

"कोणीच नाही."

"तसंच आहे. हार्मोन आहे, पण रक्तातल्या एका प्रथिनाने ते धरून ठेवलंय. वय वाढलं की ते प्रथिन वाढतं, आणि इतकी वर्षं एचआयव्ही सोबत असलेल्या पुरुषांत जरा जास्तच वाढलेलं दिसतं. कामाला मोकळं आहे ते तुमच्यात कमी निघालं, दोन्ही वेळा. त्याने मांस झडतं, हाडं ठिसूळ होतात, थकवा येतो. गोळ्यांनी विषाणूला झोपवलंय, पण शरीर आपल्या वयापेक्षा थोडं पुढे धावतंय."

मोतीलालने खुर्ची पुढे ओढली आणि कमलबाईला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, "म्हणजे बाई, मी पुरुष नाही राहिलो?"

कमलबाईला ऐकू गेलं. "त्या गोष्टना रिपोर्ट मन्हाकडे शे," ती म्हणाली. "डॉक्टरले इचारू नका."

डॉक्टरीण बाईंना पेन खाली ठेवावं लागलं. मग त्यांनी नीट सांगितलं. तुम्ही अजून मोडलेले नाहीत, काठावर आहात, आणि काठावरून मागे येता येतं. प्रोस्टेट, हृदय, रक्त तपासून सगळं बरं असेल तर इंजेक्शन देऊ, त्यावर दर काही महिन्यांनी लक्ष ठेवू. पण नुसती सुई गाडी ओढत नाही. पोटात जायला पाहिजे आणि हातापायांना काम पाहिजे. गाडी ओढायचा विषय निघालाच होता, तेव्हा मोतीलालने बारा गाड्यांचं सांगून टाकलं. बाई पुण्याकडच्या. त्यांनी आधी 'किती?' असं विचारलं, मग परत 'किती?' असं विचारलं. शेवटी म्हणाल्या, "आखाजीआधी हात न टेकता दहा वेळा उठायचं आणि काटा अठ्ठावीसवर न्यायचा. नाहीतर मी तुम्हाला त्या दोराजवळ उभंसुद्धा राहू देणार नाही."

नथ्थूने मधेच शहाद्याच्या बाजारातून ताकदीचं चूर्ण आणलं, डब्यावर पैलवानाचं चित्र. रूपालीने फोनवरच सांगितलं, "आबा, त्यात काय आहे ते पैलवानालाही माहीत नाही. तुमच्या गोळ्यांशी त्याचं भांडण होईल." डबा नथ्थूकडे परत गेला. नथ्थूने तो स्वतः संपवला आणि त्याचं पोट तीन दिवस बिघडलं.

मग सुरू झाला गल्लीचा हिवाळा. इतकी करमणूक गल्लीत बऱ्याच वर्षांत झाली नव्हती. मोतीलाल सकाळी ओट्यावर खुर्ची टाकायचा आणि शाळेत शिक्षा झाल्यासारखा उठाबशा काढायचा. मोजायला नानीबाई.

"एक, दोन, तीन, सात..."

"चार कोठे गये, नानीमाय?"

"तुन्हा चारमा हात टेकना व्हता. मंग माले दया उनी, तीन फुकट दिन्हात."

भगत असल्याने अंडं-मटण बंद. म्हणून कमलबाईने शेंगदाणे, हरभरे, तुरीचं वरण, दही यांचा असा मारा केला की दादर ज्वारीची भाकरी ताटात पाहुणी वाटायला लागली. बिडी सुटली. सुटली म्हणजे नानीबाईला दिसेल तिथे सुटली, आणि तिला सगळीकडेच दिसायचं.

पण खरा हाहाकार उडाला तो मुठीमुळे. रूपालीने सांगितलं होतं, ओला टॉवेल पिळा, मूठ तयार होते. मोतीलाल कुठलीही गोष्ट देवाच्या कामासारखी करणारा. तो टॉवेलवर थांबला नाही. चादरी पिळल्या, सतरंजी पिळली आणि एके दिवशी भर अंगणात कमलबाईचं नऊवारी लुगडं पिळायला घेतलं. भगताने, मिशीवाल्या भगताने बायकोचं लुगडं पिळायचं! पारावर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या बाया आपापल्या नवऱ्यांना म्हणायला लागल्या, खंडेरावाच्या माणसाला चालतं, तुम्ही कोण लागून गेलात? मग पारावरचे लोक मोतीलालवर खरे चिडले.

संक्रांतीनंतर त्याने भाग्येशची रिकामी टायरगाडी शेताच्या वाटेवर नेली आणि दोर कमरेला बांधला. कमलबाई मागे. "मी हात मांगे बांधेल शेत," ती ओरडून सांगायची, "मन्हं नाव नका लेज्यात." पहिल्या दिवशी चाक जरासं हललं आणि जिथल्या तिथे परत आलं. मोतीलाल बांधावर बसून राहिला. रुमालाने तोंड पुसत, हळूच म्हणाला, "कमल, एकवीस वरीस मी काय ओढं?"

कमलबाईने हात सोडले. "मी देखं ना. त्या आखाजीले, तुम्ही हाडकं हाडकं व्हतात, तव्हय शंभर पोऱ्यासनी गाडाले हात लायेल व्हता. नथ्थूना बाप बी. ज्यानी दोर बदला म्हने तो बी. त्या कोनले ढकली ऱ्हायंतात? गाडीले?"

मोतीलालने रुमाल खांद्यावर टाकला. मग उठला, हात न टेकता उठला, आणि दोर परत बांधला. फाल्गुनात गाडी विहिरीपर्यंत जायला लागली. मधे दोनदा इंजेक्शनं झाली, रक्तं तपासली, वजन साडेतीन किलोने वाढलं, पट्ट्याच्या जुन्या भोकांना काम मिळालं.

चैत्रात तो दवाखान्यात परत खुर्चीत बसला आणि बारा वेळा उठला. वरची दोन फुकट म्हणून सांगितलं. यंत्र दाबलं. सत्तावीस. परत दाबलं. सत्तावीस.

"ताई, यंत्र खराब आहे."

"मागच्या वेळेला तुम्हाला ते मोडायची भीती होती," रूपाली म्हणाली.

डॉक्टरीण बाईंनी हृदयाचा रिपोर्ट पाहिला, चालणं पाहिलं आणि सत्तावीसवर परवानगी दिली, पण दोन अटींवर. उपास दूध-शेंगदाण्यांवर करायचा, आणि पाय लटपटले की पडण्याआधी तोंडाने सांगायचं, उचला. मोतीलालचा चेहरा पडला. भगताने मला उचला म्हणायचं? देव अंगात असताना? बाई म्हणाल्या, "अठ्ठावीस भरला असता तर कदाचित सोडलं असतं. एका किलोची ही किंमत आहे."

आखाजीचा दिवस. ऊन उतरलं, तरी डांबर तापलेलं. बारा गाड्या भरल्या. भंडारा उडाला, डफ वाजला, मोतीलालच्या अंगात आलं, आणि त्या गदारोळात त्याने नथ्थूच्या कानात सांगितलं, "मी सांगस नही तवलोंग खबरदार." मागून पोरांनी हात लावला. गाड्या कण्हल्या आणि निघाल्या.

पाराजवळच्या पहिल्या दहा पावलांत त्याला समजलं, आजवर त्याने हा रस्ता पायांनी कधी पाहिलाच नव्हता. इथे खड्डा, इथे खडी, इथे कुणी सांडलेलं पाणी. तापलेलं डांबर पायांना चटका देत होतं आणि प्रत्येक चटक्याला त्याला हर्ष होत होता. कमरेत दोर काचत होता. दोन्ही बगले नुसते बरोबर धावत होते, खांदे त्याच्या हातांखाली, पण भार नाही. नथ्थू तर रडत होता, पण हळदीत कुणाला दिसणार. ग्रामपंचायत गेली. दूध डेअरी गेली. पाण्याच्या टाकीपाशी रस्ता देवळाकडे चढतो. तिथे उजवा गुडघा एकदा वाकला. सावरला. परत वाकला. मागून बारा गाड्यांचा खडखडाट अंगावर येत होता.

"नथ्थू, उचल," मोतीलाल म्हणाला.

नथ्थूला वाटलं देव बोलतोय. तो आणखी जोरात येळकोट ओरडायला लागला.

"अरे येडा, देव नही, मी बोली ऱ्हायनू! उचल ना!"

त्या दोघांनी उचलला. शेवटची चाळीस पावलं तो वर होता, आणि खरं सांगायचं तर त्याला वाईट वाटलं नाही. टाकीपर्यंत त्याचं होतं. त्यानंतर मागच्या शंभर हातांचं. गाड्या देवळापाशी थांबल्या, दोर सुटला, नारळ फुटला.

नथ्थूने विचारलं, "मंग भाऊ? दोर भाग्येशले?"

"कसाले? मी सांगीसन उचलं ना तुम्हनी? भाग्येशले पुढला साले उजवा बगला करा. जवळतीन शिकी लेवो. आनि मी टाकीना पुढे जासू."

दुसऱ्या दिवशी तो ओट्यावर, दोन्ही पाय पाटावर, तळव्यांना चिंचोक्याएवढाले फोड. कमलबाई हळद-तेल लावत होती आणि प्रत्येक फोडाला एक शिवी मोजत होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला मोतीलाल हाक मारून तळवे दाखवत होता, एखाद्याने पोराचा बारावीचा निकाल दाखवावा तसे. भाग्येशला त्याने त्यांचा फोटो काढून ग्रुपवर टाकायला लावला.

नानीबाई आली. ऑपरेशन झालेला डोळा तिने फोडांवर बराच वेळ रोखला.

"मोतीलाल, तुन्हा आंगमा तर देव व्हता ना? मंग फोड कसा उनात रे?"

"देव आंगमा व्हता, नानीमाय," मोतीलाल पाय आणखी पुढे करत म्हणाला, "पाय मन्हा व्हतात."